जिन्याखालच्या फ्रिजातली ओल

आमच्या जिल्ह्यात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, आणि माझं निम्मं आयुष्य लोकांच्या फ्रिजातलं पाणी पुसण्यात गेलं. पूर्वी हे सांगताना मीही हसायचो. आता हसू येत नाही. गुडघे गेले, बोटं आखडली, आणि बायको म्हणते की तुमच्या हाताला अजून जुन्या रबराचा वास येतो.

दिंद्रुडच्या पेठेत माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत उघडे पडलेले फ्रिजचे सांगाडे आणि पुढे गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. गुडघ्यांपायी ते बंद केलं आणि अंबाजोगाईला मुलीकडे राहायला आलो. इथल्या एका दिवाळी अंकाच्या मंडळींनी गाठलं. म्हणाले, कामाविषयी काहीतरी लिहा. मी म्हणालो, माझ्या कामात लिहिण्यासारखं काय आहे? गॅस संपतो, कॉम्प्रेसर जातो, गिऱ्हाईक ओरडतं. ते म्हणाले, मग ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांवर लिहा. घरी येऊन आठवायला बसलो तर ओरडणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड डोळ्यासमोर येईना. आली ती एक कधीच न ओरडलेली बाई.

तिचं सांगण्याआधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्रिज गारवा तयार करतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने बाहेर फेकतो, बस. आपण दार उघडतो तेव्हा आतली गार हवा पायावर सांडते आणि तिच्या जागी घरातली हवा शिरते. त्या हवेत ओल असते. दार लागलं की ती ओल गार भिंतीवर थेंब होऊन बसते. लग्नात थंडगार सरबताचा ग्लास हातात धरला की बाहेरून ओला होतो ना, ते पाणी काही ग्लासातून पाझरलेलं नसतं; हवेतलंच असतं. फ्रिजात मागच्या भिंतीशी, तळाला एक बारीक भोक असतं. थेंब ओघळून त्या भोकातून मागच्या ताटलीत पडतात आणि मशीनच्या उष्णतेने वाळून जातात. भोक बुजलं की तळाला पाणी साचतं, पाणी साचलं की कुबट वास सुटतो, आणि मग दाराच्या रबराच्या घडीत काळे ठिपके दिसायला लागतात. ती बुरशी. बुरशीला फार काही लागत नाही. थोडी ओल, थोडी घाण, आणि घरातल्या कुणाचं लक्ष नसणं.

बंद फ्रिजाला तर ती जास्तच धरते. उमापूरला माझी सासुरवाडी. तिथल्या शेजारच्या एका बाईंनी बिघडलेला फ्रिज कपाट म्हणून वापरायला काढला आणि त्यात लग्नातले शालू ठेवून दार घट्ट लावून टाकलं. पावसाळा संपल्यावर उघडलं तर शालूंना काळी नक्षी चढलेली. मला बोलावून विचारतात, जावईबापू, बंद फ्रिजात ओल आली कुठून? आत कोंडून ठेवलेली हवाच ओली होती, हे त्यांना पटवता पटवता माझा पाहुणचाराचा चहा गार झाला.

पण लिहायचं आहे ते सुमनवहिनींबद्दल. 

त्यांचे यजमान सर्जेराव. पेठेत खत-बियाण्यांचं दुकान, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. माणूस मोकळा, चार लोकांत उठबस असणारा. रोज दुकान वाढवलं की गणपत नावाच्या जिवलग मित्राला मागे बसवून परळीच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर जायचे. दोघं बिअर प्यायचे आणि गाणी म्हणत परत यायचे. एकदा परतताना गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. गणपत जागेवर गेला. सर्जेरावांच्या मांडीत डॉक्टरांनी सळई बसवली आणि चालीत कायमची लंगड आली. गाडी सर्जेरावच चालवत होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर कुणी कधी बोलत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात मला फोन आला. 

"भाऊ, मी सर्जेरावांच्या घरून बोलतेय. दुपारचं येता का? अन् मागच्या दारानं या."

मागच्या दाराने बोलावणारं घर आम्हा मिस्त्री लोकांना नवं नसतं. गेलो. वहिनींनी मला जिन्याखाली नेलं. तिथं काचेच्या दाराचा एक बारका फ्रिज होता, कोल्ड्रिंकच्या दुकानात असतो तसला. आत बिअरच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. दार उघडलं आणि जो भपकारा आला त्यात कुबट वास होता, आणि कापराचाही होता.

"कापूर कुणी ठिवला?" मी विचारलं.

"मीच. वास जाईना म्हनून देवघरातल्या वड्या आणून ठिवल्या."

मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून गिळलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि सरळ सांगायला लागल्या. कधीकधी नात्यागोत्याच्या माणसांना जे सांगता येत नाही ते लोक मिस्त्रीला सांगतात. मिस्त्री पाना उचलून निघून जाणार असतो.

"गणपत भाऊजी गेले तरी यांची सुटली न्हाई. उलट वाढली. मी शपथा घातल्या, उपास धरले, माहेरी जाऊन बसले. पायात सळई असलेला मानूस काठी टेकीत ढाब्यावर जायचा, अन् पाय जरा बरा झाला की परत गाडी काढली. मग मीच म्हनले, प्यायची तर घरात प्या. माझ्या डोळ्यापुढं प्या. पन पिऊन रस्त्यावर न्हाई."

"अन् ते ऐकले?"

"ऐकले. आत्याबाई, म्हंजी यांची आई, तेवढ्या बोलल्या, देवाचं दूध ठिवतो त्या फ्रिजात बाटली चालनार न्हाई. त्यांचंबी खरं हाय. मग हा येगळा आणला. पाव्हण्या-रावळ्याला दिसू नये म्हनून जिन्याखाली ठिवला. तवापासून घरात बसत्यात, दोन बाटल्या पित्यात, जेवून झोपत्यात. मला झोप लागायला लागली, भाऊ."

मग त्यांनी दाराच्या रबराकडे बोट केलं. 

"अन् आता हे. परवा म्हनले बाटलीला घाण वास येतोय, घोट उतरंना. गाडीची चावी शोधायला लागले. मी लपवली तर लंगडत पायीच निघाले ढाब्याकडं. तुमी हे काय ते करा. परत येऊ देऊ नका."

मी पुष्कळ फ्रिज दुरुस्त केलेत. लोकांचं दही आंबतं, आइस्क्रीम पातळ होतं, फार तर पुरणपोळ्या वाया जातात. बुरशीवर एका माणसाचा जीव लटकलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

प्लग काढला, बाटल्या बाहेर काढल्या. तळाला बोटभर पाणी आणि त्यात कागदाचा लगदा. भोकात तार घातली तर तोच लगदा गोळा होऊन बाहेर आला. बाटल्यांवरची लेबलं भिजून सुटली होती आणि त्यांनी भोक बुजवलं होतं. पण लेबलं इतकी भिजली कशाने, ते कळेना. मी एक बाटली हातात फिरवून बघितली आणि विचारलं, 

"वैनी, बाटल्या धुता का तुमी?"

"धुणार न्हाई तर काय? कुठकुठच्या हातातून आलेल्या असत्यात. मी तर साबणानं धुते."

"धुऊन पुसता का?"

"पुसायचं कावून? फ्रिजातच तर ठिवायच्या."

जन्मात दारूला न शिवलेली बाई बिअरच्या बाटल्या देवाच्या भांड्यांसारख्या धुऊन ओल्याच आत ठेवत होती. रोज तांब्याभर पाणी तिच्याच हाताने आत जात होतं. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. थोडं हसल्या असाव्यात.

मग मी त्यांना नीट शिकवलं. बाटली फडक्याने कोरडी करूनच ठेवायची. मागच्या भिंतीला चिकटवायची नाही, बोटभर जागा सोडायची, म्हणजे थेंबांना ओघळायला वाट राहते. भोकात अधूनमधून कोमट पाणी सोडायचं. आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. रबराच्या घडीत निम्म्या पाण्यातलं व्हिनेगर जुन्या दातघासण्याच्या ब्रशने फिरवायचं, आणि पुन्हा कोरड्या फडक्याने टिपायचं; हे शेवटचं टिपणंच लोक विसरतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. गारव्याचं बटण अगदी शेवटाला नेऊन ठेवायचं नाही, जितकं जास्त गार तितका घाम जास्त. लाइट गेली की दार उघडायचंच नाही. रबर बघायचं तर दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायची. अडली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर तिथून हवा शिरते. त्यांच्या दाराची पट्टी एका कोपऱ्यात सुळकन निघाली. मी रबर गरम पाण्याने शेकून ताणलं आणि बसवलं.

शेवटी जागा बदलली. जिन्याखाली फ्रिजला लागूनच वापरायच्या पाण्याचे ड्रम होते, नळ कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून गच्च भरलेले. वर फ्रिजची पाठ भिंतीला चिकटलेली. बिचाऱ्याला मागून श्वास घ्यायला जागा नाही आणि पुढून सगळी ओली हवा. ड्रम आम्ही परसात नेले, फ्रिज वीतभर पुढे ओढला. निघताना वहिनींनी सगळं माझ्यासमोर एकदा म्हणून दाखवलं. एकही गोष्ट चुकल्या नाहीत.

त्यानंतर बराच काळ फोन आला नाही. पेठेत सर्जेराव दिसले की मान हलवायचे, मी हलवायचो. दुकान वाढवून थेट घरी जाताना दिसायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही वाटायचा. आपण केलेल्या कामामुळे कुणी जिवंत आहे असं वाटायची संधी फ्रिजवाल्याला फार मिळत नाही.

पुढल्या वर्षी श्रावणात पुन्हा फोन आला. गेलो तर फ्रिज आरशासारखा स्वच्छ. भोक मोकळं, रबर घट्ट, बाटल्या कोरड्या. तरी मागची भिंत घामेजलेली आणि दाराच्या खालच्या घडीत पुन्हा ठिपक्यांची सुरुवात.

वहिनी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "सकाळी मी कोरडाठाक करून ठिवते. दुपारची भांडी आटपून बघते तर पानी ओघळत असतंय. मला एवढंच सांगा, दार किती येळा उघडलं की एवढं पानी येतंय?"

त्यांना काय विचारायचं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. सर्जेराव दुपारी जेवायला घरी यायचे.

"बाटल्या कमी होत्यात का?" मी विचारलं.

"न्हाई. पन बाहेरून आणून परत भरता येतंय की. दुकानाशेजारीच मिळती."

मी भिंतीवरून बोट फिरवलं. दमट दिवस होते, तरी एवढं पाणी एकदोनदा दार उघडून येत नाही. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर जमलं असतं. हवेवर ढकलायचं, आमच्या धंद्यात ते नेहमीचंच आहे. पण त्या बाईने सगळं इतकं मन लावून शिकून घेतलं होतं की तिला फसवणं जिवावर आलं.

"दार लई येळा उघडतंय, एवढं खरं," मी म्हणालो. "कोन उघडतंय अन् कावून, ते फ्रिज सांगत न्हाई."

तेवढ्यात मागे काठी वाजली. सर्जेराव जेवायला आले होते आणि शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. 

"मिस्त्री, फ्रिज बघायला आलात का मला बघायला?"

वहिनी आत निघून गेल्या. मी पाना-पक्कड पिशवीत टाकायला लागलो. सर्जेराव आवाज उतरवून म्हणाले, "चला. दुकानापर्यंत येतो."

जेवण न करताच ते निघाले. दुकानात खताच्या पोत्यांवर मला बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

"तिला वाटतंय मी दिवसा पितो."

"वाटतंय खरं."

"न्हाई पीत. दुपारी ती मागं भांडी घासत असती. मी दार उघडतो. बाटलीला हात लावतो. बंद करतो. परत उघडतो. लहान लेकरावानी चाललंय माझं." त्यांनी गल्ल्याचा खण उघडून परत लावला. "अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलतो, पायाच्या निमित्तानं. डॉक्टर म्हनला, लिव्हर सुजलंय, बंद करा. संध्याकाळी दोनाची एक केली. तिला कळू नये म्हनून दुसरी मोरीत ओततो. अन् दुपारी हे असं होतंय."

"वैनीला कावून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? त्या बाईनं घरात फ्रिज आणला माझ्यासाठी. रोज बाटल्या पुसती. कोनती बाई करंल? तिला सांगू की आता बंद करायचीय? अन् सांगितलं अन् न्हाई सुटली तर? एकदा गणपतच्या बायकोपुढं सांगितलतं, आता थेंबाला शिवनार न्हाई. आठ दिवस न्हाई निभलं. परत कुनाला शब्द द्यायचं धाडसच होत न्हाई."

बाहेर एक शेतकरी सोयाबीनवरच्या औषधाचं विचारत उभा राहिला. सर्जेरावांनी त्याला बाटली दिली, फवारणीचं प्रमाण समजावून सांगितलं. मी बसून राहिलो. तो गेल्यावर मी म्हणालो, "सर्जेराव, मी मिस्त्री मानूस. मला दारूतलं काही कळत न्हाई. पन ती बाई रोज फ्रिजातलं पानी बघून तुमच्याबद्दल काहीबाही समजती. ते खरं न्हाई, एवढं तरी तिला कळू द्या."

त्यांनी शेतकऱ्याची उधारी वहीत मांडली. पण त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं असावं, कारण पुढल्या आठवड्यात वहिनी स्वतः माझ्या दुकानात आल्या. पेठेतल्या बाकड्यावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, 

"ॲडमिट झाले अंबाजोगाईला. आपल्या पायानं गेले. फ्रिज बंद करायचाय. कसा करायचा ते सांगा."

मी घरी जाऊन करून दिला. सगळं रिकामं केलं, बर्फ वितळू दिला, सोड्याने धुतलं, पंख्याखाली वाळवलं. बंद फ्रिजाचं दार कधी लावायचं नसतं, हे सांगून दाराच्या फटीत लाकडाची चिप घातली. मग मी म्हणालो, "वैनी, हा इकून टाकू का? पेठेतला आइस्क्रीमवाला आनंदानं नेईल."

"नको. राहू द्या."

"आता कशाला ठिवता?"

"सुटली की देऊन टाकीन. अजून कुठं सुटलीय." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. उद्या पाणी येईल का, अशा सुरात म्हणाल्या.

सर्जेराव परत आले. वाळले होते, पण डोळे स्वच्छ होते. दिवाळी गेली, पाडवा गेला. पेठेत लोक चहाला बोलवायचे आणि मुद्दाम विचारायचे, सर्जेराव, नुसता चहाच का? ते हसून सोडून द्यायचे. एकदा माझ्या बाकड्यावर बसून म्हणाले, "मिस्त्री, लोकांना मानूस पडलेला बघायची घाई असती बघा." मी चहा सांगितला.

आणि मग गणपतच्या मुलीचं लग्न आलं. सर्जेरावांनी बापाच्या जागी उभं राहून सगळं केलं. मांडव, आचारी, पाहुण्यांची सरबराई. मुलगी निरोप घेताना त्यांच्याच गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकान उघडं टाकून गेले. गाडी घेऊन गेले.

हे मला वहिनींनीच सांगितलं, जेव्हा त्यांनी पुन्हा बोलावलं. ढाब्यावरून सर्जेरावांनी फोन केला होता. म्हणाले होते, मी पिलोय. गाडी चालवनार न्हाई. मला न्यायला ये. वहिनी शेजाऱ्याच्या रिक्षाने गेल्या. सर्जेराव ढाब्याच्या बाहेर, गाडीपासून लांब, बाजेवर बसले होते. चावी त्यांनी ढाबेवाल्याकडे दिली होती.

"आता फ्रिज सुरू करून द्या," वहिनी म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली. "वैनी, परत दवाखान्यात न्या त्यांना."

"नेनारच हाय. पन डॉक्टर पुढल्या आठवड्यात या म्हनलाय. तवर काय करू? बांधून ठिवू? बाटली घरात असली तर घरात तरी राहतील."

माझ्या सगळ्या कामात हे सगळ्यात नकोसं काम. प्लग घालायचा, एवढंच होतं. तरी मी आधी सगळं तपासलं, रबर, भोक, मागची जाळी. खरं सांगायचं तर वेळ काढत होतो, वहिनींचं मन फिरेल म्हणून. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. तोंड थकलेलं, केस विस्कटलेले. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं.

"भाऊ, मला काय वाटतंय सांगू?" त्या म्हणाल्या. "मला मोठं आजारपन यावं. दवाखान्यात कॉटवर झोपावं अन् कुनीतरी म्हनावं, बाई, तुमी फकस्त पडून राहा. यांच्यावर माझा राग न्हाई. मला झोपायचंय नुसतं."

मी प्लग घातला. मशीन एकदा थरथरलं आणि चालू झालं. आतल्या खोलीच्या दारात सर्जेराव उभे होते, ते मला तेव्हा दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते लंगडत पुढे आले आणि वहिनींच्या शेजारी, पायरीवर बसले. म्हणाले, 

"मिस्त्री, शिव्या घाला मला."

"माझ्यानं न्हाई होत," मी म्हणालो.

ते बायकोकडे वळले. "तू जा, झोप. मी बसतो इथं. फ्रिज उघडला तरी इथंच बसंन."

वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, खरं आहे का खोटं ते ठरवल्यासारखं. मग उठल्या आणि आत गेल्या. मी पिशवी उचलली तेव्हा सर्जेराव पायरीवर तसेच बसून होते आणि आतून दाराची कडी लागल्याचा आवाज आला. त्या दुपारी ते प्यायले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पुढे ते पुन्हा दवाखान्यात गेले, परत आले, पुन्हा एकदा घसरले असं ऐकलं. दरम्यान माझे गुडघे बोलायला लागले. जिने चढवेनात, फ्रिज हलवायला दुसऱ्याचा हात लागायला लागला. नवे फ्रिज असे आले की त्यांच्या पोटात माझ्या ओळखीचं काही उरलं नाही; बिघडला की माणसं दुरुस्त करत नाहीत, बदलतात. मी शटर ओढलं. निरोप घ्यायला सर्जेरावांच्या दुकानात गेलो तर ते माल आणायला गेले होते. वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या, युरियाची पोती मोजून देत होत्या. गिऱ्हाईक होतं, बोलणं झालं नाही.

गेल्या महिन्यात इथं अंबाजोगाईत, सरकारी दवाखान्याच्या बाहेर, मी औषधाच्या दुकानात उभा होतो. मागून आवाज आला, "भाऊ, ओळखलं का?"

वहिनी होत्या. स्कूटीवर. पुढे त्या, हँडल धरून. मागे सर्जेराव, मांडीवर फायलींची पिशवी आणि काठी आडवी. ते बारीक झाले होते, केस पांढरे झाले होते. मला बघून हसले. 

"हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"ह्यांना ढाब्यावरून आणलं ना त्या येळेला, रिक्षावाला शेजारी चार लोकांत बोलला," वहिनी म्हणाल्या. "मग म्हनलं, कुनाचं मिंधं कशाला? शिकले. दोन येळा पडले, एकदा गटारात गेले. हे मागं बसून सांगायचे, ब्रेक दाब."

"अजून सांगतो," सर्जेराव म्हणाले. "ऐकत न्हाई."

दर महिन्याला तपासणीला येतात, असं कळलं. दिंद्रुडहून एवढ्या लांब स्कूटीवर. बसने का येत नाही, विचारलं तर म्हणाल्या, बसमध्ये यांच्या पायाला जागा होत न्हाई. फ्रिजाचं मी काढलं नाही. वहिनींनीच, सर्जेरावांसमोरच, सांगितलं.

"हाय अजून. कधी लागतोय, कधी न्हाई. दोन-तीन महिने कोरडे जातात. मग एखादा आठवडा वाईट येतोय. पन आता सांगत्यात. उघडायच्या आधी सांगत्यात."

सर्जेराव रस्त्याकडे बघत होते. मान खाली नव्हती, एवढं मी बघितलं.

"जेवायला चला घरी," मी म्हणालो. "मुलीचं घर जवळच हाय."

"पुढल्या बारीला. अंधाराच्या आत पोचायचंय." वहिनींनी स्कूटी चालू केली. रस्त्यावर दुपारची गर्दी होती, एस.टी. वळण घेत होती. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. मागे सर्जेरावांनी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने बायकोचा खांदा धरला. एस.टी. पूर्ण निघून गेल्यावरच त्या निघाल्या, रस्त्याच्या डाव्या कडेने, सावकाश.